सीमेवर थांबून शिकवणारा वर्ग, जळगाव

जळगावातल्या या खासगी एमएस्सी गणित वर्गात अरेषीय आंशिक विकलक समीकरणे शिकवताना उकलीचे अस्तित्व सिद्ध करून पुढे सरकत नाहीत, तर ती उकल सीमेजवळ कशी वागते यावर मनापासून थांबतात, आणि खानदेशात असे शिकवणे मला दुसरीकडे मिळाले नाही. सीमेवरच्या बिंदूपाशी उकल दिलेल्या मूल्याकडे सलगपणे पोहोचेल का, हे क्षेत्राबाहेरच्या संचाच्या धारितेवरून (त्या बिंदूजवळ तो संच किती ‘जाड’ आहे याच्या मापावरून) ठरवणारा वीनर यांचा १९२४ चा निकष, त्याचे पी-लाप्लास समीकरणासाठीचे (लाप्लास समीकरणाच्या अरेषीय भावंडासाठीचे) रूप, आणि त्यातली पर्याप्तता १९७० मध्ये व्लादिमीर माझ्या (Maz'ya) या गणितज्ञांनी, तर आवश्यकता १९९४ मध्ये किल्पेलाइनेन व माली यांनी कशी सिद्ध केली, हा सारा प्रवास सरांनी न घाई करता उलगडला. सर्वांत सुंदर भाग सीमेवर अनंताकडे जाणाऱ्या उकलींचा होता: उकलीचा लाप्लासियन (प्रत्येक अक्षाच्या दिशेतल्या दुसऱ्या विकलजांची बेरीज) तिच्या घनाइतका असेल, तर गुळगुळीत सीमेजवळ ती दोनचे वर्गमूळ भागिले सीमेपासूनचे अंतर अशी वाढते, हे फळ्यावर चार ओळींत पटते. छापील टिपणे मात्र अपुरी आहेत. लेबेगच्या काट्याची, म्हणजे आत घुसलेल्या अतिटोकदार काट्याच्या टोकाशी उकल दिलेले मूल्य गाठत नाही त्या प्रसिद्ध उदाहरणाची, आकृतीच त्यांत नाही. फळ्यावरचे सगळे उतरवून घ्यावे.