आयएमडीबीचं पॅरेन्ट्स गाईड, मुलं नसली तरी उघडून बघा

आयएमडीबी ही सिनेमा-सिरीजच्या माहितीची साईट, तिथे प्रत्येक पिक्चरमध्ये काय काय दिसतं ते सांगणारं एक पान असतं. त्याचं नाव पॅरेन्ट्स गाईड, म्हणून मी कित्येक वर्षं त्यावर क्लिकच केलं नव्हतं. मग एकदा बाबांसोबत पिक्चर बघताना 'तो' सीन आला, रिमोट कुठल्या उशीखाली गेला कळेना, बाबा एकदम मोबाईलमध्ये हवामान बघायला लागले आणि मी पाणी आणायला म्हणून उठले ती सीन संपेपर्यंत आलेच नाही. तेव्हापासून आधी गाईड, मग पिक्चर.

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी: सेक्स-न्यूडिटी, मारामारी-रक्त, शिव्या, दारू-ड्रग्ज-सिगरेट आणि घाबरवणारे सीन असे पाच भाग असतात. प्रत्येकाला अजिबात नाही ते जास्त अशा चार पायऱ्यांत लोक मत देतात, आणि खाली लोकांनीच नेमकं काय दिसतं ते लिहिलेलं असतं. खरी मजा तिथे आहे. पाठ दिसते, आवाज येतात, चादर आहे, अशा थाटात, जणू पंचनामाच चाललाय! पण मला हेच आवडतं, छी-छी नाही की वा-वा नाही. नुसत्या रेटिंगच्या अक्षरावरून कळत नाही हो, अमेरिकेतलं आर रेटिंग शिव्यांमुळेही मिळतं आणि सेक्समुळेही.

पुस्तकांसाठी स्टोरीग्राफ या वाचकांच्या साईटवर असंच आहे, वाचक ग्राफिक, मॉडरेट, मायनर असे कंटेंट वॉर्निंग लावतात. पुस्तकात तर याची जास्तच गरज, कव्हरवर गोडगोड कार्टून आणि आत काय ते तेविसाव्या पानावर कळतं.

आता मूळ मुद्दा. मी एका वाचनाच्या ॲपवर एका कादंबरीबद्दल एवढंच लिहिलं होतं की मध्ये गोष्ट थांबते, दोघं नुसते पलंगावर, पानंच्या पानं, मला कंटाळा आला. झालं! अर्ध्यांनी मला संस्कारी काकू केलं आणि उरलेले म्हणे बरोबर आहे ताई, असल्या पुस्तकांवर बंदीच पाहिजे, आणि खरं सांगू, हे दुसरे मला जास्त नकोसे झाले. फायटिंग लांबली की आपण एडिटिंग ढिसाळ म्हणतो, तेव्हा कोणी अहिंसावादी म्हणून हिणवत नाही. मग इथेच का? बरं, बंदीची भीती उगाच नाही तेही मला कळतं, हॉलीवूडमध्ये 1934 पासून हेज कोड (पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे नियम) कडक लागू झाला आणि पडद्यावरच्या नवराबायकोलासुद्धा वेगवेगळ्या पलंगांवर झोपवायचे, 1968 ला रेटिंग आलं तेव्हा कुठे तो गेला. पण म्हणून कंटाळा आला म्हणायचंच नाही का? 2023 मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या एका सर्व्हेत 13 ते 24 वयाच्या 47.5 टक्के मुलामुलींनी सांगितलं की बहुतेक सिरीज-सिनेमांच्या कथेला सेक्सची गरज नसते. घ्या, या सगळ्या काकूच!

अशा भांडणात गाईड कामाला येतं कारण निदान काय आहे त्यावर तरी एकमत होतं. पण कशासाठी आहे ते त्यात नसतं. जबरदस्तीचा सीन आणि प्रेमाचा सीन एकाच डब्यात, कपडे किती उतरले ते कळतं, कॅमेरा फक्त बाईवरच का रेंगाळतो ते नाही, ती नको म्हणते आणि पिक्चर त्याला रोमान्स म्हणतो हे तर नाहीच नाही. कपडे न काढता घडलेला असा घाणेरडा सीन 'थोडं' मध्ये बसू शकतो, आणि दोन मोठ्या माणसांचा हळुवार सीन 'जास्त' मध्ये. हे मोजून कळणारं नाहीये, त्यावर कोणीतरी लिहायलाच लागतं, काकू म्हटलं तरी.

स्पॉयलरचा भाग वेगळा असतो, तो उघडू नका. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. बाबांना तर इतकी सवय झालीये की पिक्चर लावायच्या आधी तेच विचारतात, तुझा तो पंचनामा वाचलास का.