कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2 : अर्धवट खेळ आणि मिठाची गुळणी

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2' हा खेळ 24 फेब्रुवारी 2023 रोजी स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असल्याचे आधीच सांगून, 49.99 डॉलरना विक्रीस आला. पहिला भागही असाच आला होता. मेक्सिको सिटीतील स्क्वॉड या मुळात जाहिरात आणि विपणनाचे काम करणाऱ्या कंपनीने तो 2011 मध्ये कच्च्या स्वरूपात लोकांपुढे ठेवला आणि एप्रिल 2015 मध्ये पूर्ण करून दाखवला. अपूर्ण खेळ विकत घेऊन तो घडताना पाहण्याची या खेळाडूंना सवय होती, किंबहुना हौसच होती. असा सोशीक ग्राहक दोन वर्षांच्या आत इतका का चिडला, हे पाहिल्याशिवाय या खेळाचे परीक्षण पुरे होत नाही.

खेळाची कल्पना आजही मोहक आहे. इंधनाच्या टाक्या, इंजिने आणि पंख जोडून रॉकेट बांधायचे, ते कर्बिन या ग्रहाच्या कक्षेत न्यायचे आणि तिथून मुन नावाच्या चंद्रावर उतरवायचे. दुसऱ्या भागातील संगीत आणि इंजिनांचे आवाज उत्तम आहेत, नवख्यांना कक्षेचे गणित समजावणारी छोटी ॲनिमेशन मजेशीर आहेत आणि इंजिन चालू असतानाही काळाचा वेग वाढवण्याची सोय पहिल्या भागाच्या पुढची आहे.

पण पहिल्या दिवशी हाती आलेला खेळ फारच कच्चा होता. उंच रॉकेट लाँचपॅडवरून उठताच ओल्या वेताच्या काठीसारखे मधोमध वाकू लागे. कक्षेत पोहोचल्यावर इंजिन पूर्ण बंद असतानाही यानाची कक्षा आपोआप बदलत जाई, आणि ज्या खेळाचा सारा आनंद अचूक कक्षा आखण्यात आहे, त्यात हा दोष म्हणजे बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी आपणहून घरे बदलण्यासारखाच. शिफारस केलेले ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3080, म्हणजे साध्या घरगुती संगणकाची बातच नको. वातावरणात परतताना यान तापण्याची सोय नव्हती आणि वैज्ञानिक प्रयोगही नव्हते. वसाहती, ताऱ्यांमधला प्रवास, खनिजे, मल्टिप्लेअर (अनेकांनी मिळून खेळणे) हे सारे रोडमॅपवर, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यावर, ओळीने मांडलेले होते, मात्र एकाही टप्प्यापुढे तारीख नव्हती.

इथे डेव्हलपरांच्या बोलण्याचा प्रश्न येतो. ऑगस्ट 2019 मध्ये घोषणा झाली तेव्हा खेळ 2020 मध्ये येणार होता. पुढे तो वारंवार लांबला, मधल्या काळात स्टुडिओही बदलला, आणि या सगळ्या काळात व्हिडिओ, मुलाखती आणि लेख यांची अजिबात टंचाई नव्हती. विक्रीपूर्वी इतके बोललेल्या इंटरसेप्ट गेम्सकडून, म्हणजे खेळ घडवणाऱ्या या नव्या स्टुडिओकडून, विक्रीनंतर मात्र महत्त्वाच्या प्रश्नांना मोघम उत्तरे मिळू लागली. बगांच्या याद्या प्रसिद्ध होत, कोणत्या दोषावर काम चालू आहे हेही कळे, पण पुढचा मोठा टप्पा कधी येणार याचे उत्तर 'तयार झाला की' एवढेच असे. डिसेंबर 2023 मध्ये 'फॉर सायन्स' हे अपडेट आले, प्रयोग आणि मोहिमा आल्या, खेळ बराच स्थिरावला आणि खेळाडूंचा रागही निवळू लागला. गाडी रुळावर येते आहे, असे त्या हिवाळ्यात खरोखर वाटत होते.

एप्रिल 2024 अखेर वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी नोंदीतून कळले, की इंटरसेप्टची मालक असलेली टेक-टू कंपनी सिएटलमधील आपल्या कार्यालयातील 70 जणांना कमी करणार आहे. इंटरसेप्टचे बिऱ्हाड याच शहरात. खेळाडूंना ही बातमी ज्यांच्याकडून कळायला हवी होती, त्यांनी 'आमचे काम चालू आहे, शक्य होईल तेव्हा बोलू' अशा अर्थाचे दोन ओळींचे निवेदन दिले. टेक-टूच्या प्रमुखांनी मे महिन्यात एका मुलाखतीत स्टुडिओ बंद केला नसल्याचे सांगितले. जूनमध्ये एक छोटा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आली आणि त्यानंतर अळीमिळी गुपचिळी. नोव्हेंबरमध्ये टेक-टूने हा खेळ प्रकाशित करणारी आपली शाखा प्रायव्हेट डिव्हिजन विकल्याचे जाहीर केले, पण खरेदीदाराचे नाव तेव्हा सांगितले नाही. ज्याने पैसे मोजले त्या ग्राहकाला आपला खेळ आता नेमका कोणाच्या दारात उभा आहे, हेही कळायला मार्ग उरला नाही.

नोकरी गेलेल्या प्रोग्रामरांना यात दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण अशा वेळी काय बोलायचे आणि काय नाही, हे बहुधा त्यांच्या हाती नसते. दोष आहे तो दुकान उघडे ठेवून पाटीवरचा मजकूर तसाच राहू देणाऱ्यांचा. प्रागच्या वुब सॉफ्टवेअरने 'फॅक्टोरिओ' घडवताना वर्षानुवर्षे शुक्रवारी लेख लिहून काय जमले आणि काय फसले ते सांगितले. तो खेळ पूर्ण व्हायला ऑगस्ट 2020 उजाडले, तरी त्या उशिराबद्दल इतका संताप कधी दिसला नाही.

स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच पैसे सहज परत मिळतात. रॉकेट बांधायला शिकण्यातच ते दोन तास निघून जातात, त्यामुळे कुतूहलापोटीही हा खेळ घेऊ नये. फेब्रुवारी 2025 पासून स्टीम बराच काळ अपडेट न आलेल्या अर्ली ॲक्सेस खेळांच्या पानावर शेवटचे अपडेट किती महिन्यांपूर्वी आले ते स्वतःहून दाखवते, ती ओळ आधी वाचावी. मुनवर उतरायचेच असेल तर पहिला भाग घ्यावा. तो पूर्ण आहे, जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतो आणि खेळाडूंनीच बनवलेले मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे जोड-भाग, त्यात हवे तेवढे भरता येतात.