मराठी पीडीएफ वाचायच्या तर काय घ्यावं: रीडर, जुना लॅपटॉप की दहा इंची टॅब?

ई-बुक रीडर घ्यावा, की घरातल्या जुन्या लॅपटॉपवरच भागवावं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: वाचणार काय? नव्या कादंबऱ्या विकत घेऊन वाचणारा आणि फुकट मिळणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांच्या मागे लागलेला, या दोघांना एकच यंत्र सुचवणं मला तरी जमत नाही. खानदेशात दुसरी जात बरीच मोठी आहे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून कॉपीराइटमुक्त आहे. धुळ्यात राहून काम केलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे खंड आहेत, १८८० चं इंग्रजी खानदेश गॅझेटिअर आहे. शिवाय जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांच्या एमपीएससीच्या नोट्स. यातलं बहुतेक सगळं पीडीएफ आहे, आणि त्यातही बरंचसं म्हणजे पानांचे नुसते फोटो.

आपल्याकडच्या फायली कोणत्या जातीच्या आहेत हे आधी पाहून घ्यावं, त्याला मिनिटही लागत नाही. पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन आहे. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा उतरला तर फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात बनलेली आहे. देवनागरी उतरली तर युनिकोड, पण तिथेही ह्रस्व वेलांटी पुष्कळदा आपलं अक्षर सोडून शेजारी जाऊन बसते. या तिन्ही प्रकारांत पीडीएफचं ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) करण्याचा फारसा उपयोग होत नाही. कॅलिबर हा फुकट प्रोग्राम रूपांतर करून देईल, पण चिवडा ईपबमध्येही चिवडाच राहतो. म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं हा रीडरचा मुख्य गुण इथे कामालाच येत नाही. पान जसं आहे तसंच बघावं लागतं, आणि मग पडदा केवढा आहे यावर सगळं ठरतं.

तरीही रीडरची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात असतो, दुपारी लाइट जाते, आणि कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक पडद्याचा रीडर चार्जिंगशिवाय आठवडा-दोन आठवडे सहज चालतो. भर उन्हात ओट्यावर बसलं तरी अक्षर स्पष्ट दिसतं. ॲमेझॉनचा साधा किंडल रीडर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा, त्यामुळे बाजेवर आडवं पडून एका हातात धरता येतो. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून आहेत आणि त्यांतलं देवनागरी नीट दिसतं. स्वतःकडची ईपब फाइल ॲमेझॉनच्या सेंड-टू-किंडल सोयीने चढते (किंडलच्या जुन्या मोबी फायली पाठवायचे दिवस संपले). केवळ दुकानातून घेऊन वाचायचं असेल तर पुढचं सगळं सोडा आणि रीडर घ्या. एवढंच लक्षात ठेवा, की बुकगंगा या ऑनलाइन दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं आणि किंडलवर ते ॲप टाकता येत नाही.

आता ज्या एका कटकटीने माझा कौल फिरला तिच्याकडे येतो. जुन्या मराठी पुस्तकाचं डेमी पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. समास वगळले तर छापील मजकूर साधारण सव्वाचार बाय सात इंच. सहा इंची रीडरचा पडदा ३.६ बाय ४.८ इंच. अख्खं पान त्यात बसवलं तर ते मूळच्या ५६ टक्के होतं, म्हणजे १२ पॉइंटाचं अक्षर सात पॉइंटाच्याही खाली जातं. समास कापून मजकूर तेवढा बसवला तर ६९ टक्के. काना-मात्रा ओळखू येतात, पण ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांत फरक करायला डोळे बारीक करावे लागतात, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. रीडर आडवा केला तर रुंदी ४.८ इंच मिळते, अक्षर मूळ छपाईपेक्षा थोडं मोठंच दिसतं, पण पानाचे तीन तुकडे होतात.

तीन तुकड्यांचं वाचन दहा-वीस पानं चालतं. पुढे त्याचा जाच सुरू होतो. दुसऱ्या तुकड्याची शेवटची ओळ अर्धी कापलेली असते, म्हणून तिसऱ्याच्या सुरुवातीला ती पुन्हा येते आणि डोळा प्रत्येक वेळी आपली जागा शोधत बसतो. तळटीप तिसऱ्या तुकड्यात, तिचा आकडा पहिल्यात. राजवाड्यांसारखं टीपांनी भरलेलं लेखन असेल तर मागे-पुढे करण्यातच निम्मा वेळ जातो, आणि ई-इंकचा पडदा दर वेळी आपल्या सवडीने बदलतो. बोटांनी चिमटा काढून मोठं करावं तर आणखी हळू. त्यात इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या बऱ्याच रंगीत पीडीएफ जेपेग-२००० पद्धतीने दाबलेल्या असतात. त्या उलगडायला रीडरचा छोटा प्रोसेसर धापा टाकतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जुनी काळी-पांढरी स्कॅन त्या मानाने हलकी जातात.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. केटूपीडीएफऑप्ट हा फुकट प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून समास आधीच कापून घेता येतात. तो स्कॅनमधले शब्द चित्र म्हणून कापून नव्या ओळीही रचतो. शिरोरेषेमुळे आपला शब्द सलग असतो, त्यामुळे शब्द बरे ओळखले जातात. अडचण येते ओळींची. जुन्या छपाईत ओळी जवळजवळ असतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि दोन ओळी एकच समजल्या जातात. शिवाय पुस्तक पूर्ण न उघडता स्कॅन केलेलं असेल तर बांधणीकडची काळी सावली मजकुरात धरली जाते आणि आपोआप कापलेला समास कापलेला राहतच नाही. प्रत्येक पुस्तकामागे ही खटपट करायची तयारी असेल तर रीडर चालेल. २०२४ पासून किंडलचा पेपरव्हाइट सात इंची झाला आहे. त्यात समास कापलेलं डेमी पान ८० टक्क्यांपर्यंत जातं, तेवढ्यावर भागवणारेही असतील. पण त्यासाठी पंधरा हजारांच्या वर मोजायचे, हे स्वस्त यंत्राच्या गोष्टीत जरा बसत नाही.

लॅपटॉपला लोक फार लवकर निकालात काढतात. १५.६ इंची पडद्यावर डेमी आकाराची दोन पानं शेजारी शेजारी मूळच्या ९० टक्के मापाने बसतात. विंडोजवर सुमात्रा पीडीएफ हा फुकट प्रोग्राम टाका. एफ-११ ने पूर्ण पडदा, कंट्रोल आणि ७ ने समोरासमोर पानं, कंट्रोल आणि ३ ने समास सोडून नुसता मजकूर. स्कॅन पिवळं पडलेलं असेल तर ऑक्युलर हा दुसरा पीडीएफ प्रोग्राम बरा. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली रंग बदलून पान निव्वळ काळं-पांढरं करता येतं. थ्रेशोल्डची पट्टी हलवून कागदाचा पिवळेपणा आणि मागच्या पानाची उमटलेली शाई दोन्ही घालवता येतात. रात्री वाचणारे रंग उलटे करतात, पण पिवळं पान उलटं केलं की गडद निळं होतं आणि उलट जास्त टोचतं. आधी काळं-पांढरं करावं. बांधणीच्या सावलीवर ऑक्युलरमध्ये नेमका उपाय आहे: ‘ट्रिम टू सिलेक्शन’ घेऊन हाताने चौकट आखा, तीच सगळ्या पानांना लागते. हे काम मी तरी दुसरीकडे करणार नाही.

लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरायचा प्रयोगही करण्यासारखा आहे. विंडोजची अख्खी स्क्रीन फिरवू नका, टचपॅड भलत्याच दिशेला पळायला लागतो. सुमात्रात कंट्रोल-शिफ्ट-प्लस दाबून फक्त पान फिरवा आणि पेज-डाउनने पुढे जा. समास कापलेलं डेमी पान अशा उभ्या पडद्यावर जवळजवळ पावणेदोन पट मोठं आणि तरीही पूर्ण दिसतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचणाऱ्या आजोबांना याहून स्वस्त सोय मला माहीत नाही. मात्र स्वस्त लॅपटॉपात बहुधा टीएन जातीचा पडदा असतो. तो वर-खाली कोनातून बघितला की काळवंडतो. उभा धरल्यावर तेच वर-खाली डावं-उजवं होतं आणि एका डोळ्याला पान उजळ, दुसऱ्याला मळकट दिसतं. पाच मिनिटांत डोकं धरतं. पडदा आयपीएस जातीचा असेल तर हा त्रास नाही. दोनेक किलोचं यंत्र टेबलावर टेकवूनच उभं ठेवावं लागतं, पंख्याची जाळी भिंतीला किंवा उशीला टेकू द्यायची नाही, आणि जुनी बॅटरी लाइट गेल्यावर किती साथ देईल हे तुमच्या यंत्रावर आहे. सारांश काय, लॅपटॉप टेबलावरच्या वाचनाचा आहे. संदर्भ काढायचे, टिपणं करायची, तर तोच हवा. झोपून वाचायचं असेल तर नाही.

राहिला टॅब. लोक याला सिनेमाचं यंत्र समजतात, म्हणून आधी माप सांगतो. १०.१ इंची पडदा उभा धरला की ५.३५ बाय ८.५६ इंच, म्हणजे डेमी पानाच्या जवळपास तंतोतंत. काहीही न कापता पान मूळ छपाईएवढं दिसतं. समास कापले तर सव्वापटीच्या आसपास, आणि तेही अख्खं, तुकडे न होता. तळटीप आणि तिचा आकडा एकाच नजरेत. नोट्सचं ए-फोर पान समास कापून ८५ टक्के होतं, तेही वाचवतं. वजन साडेचारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे किंडलसारखं एका हातात तासभर नाही धरवत, पण पोटावर टेकवून धरता येतं.

टॅबमध्ये पारखायची गोष्ट म्हणजे रेझोल्यूशन. दहा इंची स्वस्त टॅब १२८० बाय ८०० चे असतात, त्यांवर इंचाला सुमारे १५० ठिपके पडतात. साधं अक्षर वाचवतं, जोडाक्षरं आणि रफार पुसट. १९२० बाय १२०० चा घेतला तर सव्वादोनशेच्या आसपास, आणि तो फरक चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा आहे. सेकंड हँड घेताना प्रोसेसरचं नाव कमी बघा, हा आकडा आधी बघा. रॅम ४ जीबी असावी. २ जीबीत आर्काइव्हची जड पानं उलटताना पडदा पांढरा होऊन थांबतो. त्यावर केओरीडर हे वाचनाचं ॲप टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पान कापताना आधी ‘सेमी-ऑटो’ करून बघा, सावली आडवी आली तर ‘मॅन्युअल’. कॉन्ट्रास्ट वाढवा. या सेटिंग त्या त्या पुस्तकापुरत्या जपल्या जातात, पुन्हा करायला लागत नाहीत. नुसती ईपब वाचायची तर रीडएराही पुरे.

टॅबचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उन्हात पडदा आरसा होतो, ओट्यावरचं दुपारचं वाचन विसरा. व्हॉट्सॲप टाकलं की पुस्तक मागे पडलं. म्हणून वाय-फाय बंद आणि फायली मेमरी कार्डावरून. पावसाळ्यात खोलीचा दिवा मालवून वाचायला बसलात तर गल्लीतले सगळे किडे पानावर गोळा होतात, त्यावर मच्छरदाणीखेरीज उपाय नाही. खरी भीती उष्णतेची. ही यंत्रं सहसा ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. पत्र्याच्या खोलीत मेच्या दुपारी चार्जिंगला लावून वाचत बसलं की बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. चार्जिंग सकाळी करावं आणि ८० टक्क्यांच्या आसपास काढून घ्यावं.

विचारलंत तर माझा हात टॅबकडे जातो. ज्याच्याकडे चांगला आयपीएस लॅपटॉप आधीच पडून आहे, त्याने आधी महिनाभर तोच वापरून बघावा, हेही तितकंच खरं.

जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी जुना टॅब बघायला गेलात तर दुकानदाराने लावलेला व्हिडिओ बघून ठरवू नका. स्वतःची एक स्कॅन केलेली, तळटीपा असलेली मराठी पीडीएफ मेमरी कार्डावर घालून न्या. ती उभ्या पडद्यावर उघडा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणा आणि सगळ्यात बारीक टीप वाचून बघा. मग पडदा पूर्ण पांढरा करून पिवळे डाग शोधा. टॅब टेबलावर उताणा ठेवा. मागची बाजू फुगून डुलत असेल किंवा काच कडेने उचललेली असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चार्जरची पिन खोचून हलकेच हलवा, चार्जिंगची खूण चालू-बंद झाली तर पोर्ट सैल आहे, आणि तो बदलायचा खर्च किमतीतून आधी वजा करून मागा.