अंटिल डॉन: सेव्हचं बटणच नाही, आता बोला

हॉरर गेम म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, अंधारा कॉरिडॉर, संपत आलेल्या गोळ्या, मागून पळत येणारं काहीतरी. अंटिल डॉनमध्ये यातलं थोडं थोडं सगळं आहे पण खरी भीती तिथे नाहीये. ती कुठे आहे तर कोपऱ्यात फिरणाऱ्या त्या छोट्याशा ऑटोसेव्हच्या खुणेत. तुम्ही काहीतरी निवडलं, पुढच्या सेकंदाला वाटलं अरे यार नको होतं हे, आणि तोवर गेमने सेव्ह करून टाकलेलं असतं. मॅन्युअल सेव्ह नाही, मागे जायची सोय नाही, पात्र मेलं तर 'पुन्हा प्रयत्न करा' वगैरे स्क्रीन पण येत नाही. कथा त्या माणसाला तिथेच सोडून पुढे चालू लागते, बाकीच्यांसोबत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरमॅसिव्ह गेम्स या ब्रिटिश स्टुडिओने बनवलेला हा गेम २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. मुळात तो प्लेस्टेशन ३ साठी आणि तो हातात धरून हलवायचा मूव्ह कंट्रोलर असतो ना त्याच्यासाठी फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसेल असा, बनत होता, मग सगळं बदलून आत्ताचा सिनेमासारखा अवतार आला. बरं झालं बदललं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ५ आणि पीसीसाठी रिमेक आलाय, तो दुसऱ्याच स्टुडिओने केलाय, त्याच्याबद्दल शेवटी बोलतो कारण त्यावर माझं मत जरा वेगळं आहे.

गोष्ट अशी की ब्लॅकवूड नावाचा बर्फाळ डोंगर, वर वॉशिंग्टन कुटुंबाचं मोठं लाकडी लॉज, जायला यायला केबल कार. एका वर्षापूर्वी तिथे मित्रांनी हॅना नावाच्या मुलीची अत्यंत घाणेरडी मस्करी केली, ती रडत रडत बर्फात पळाली, तिची जुळी बहीण बेथ तिच्या मागे गेली आणि दोघी परत आल्याच नाहीत. आता वर्ष झालंय आणि त्या दोघींचा भाऊ जॉश त्याच सगळ्या ग्रुपला पुन्हा वर बोलावतो. कशाला बोलावतो आणि हे लोक जातात तरी कशाला हा प्रश्न विचारायचा नाही, हॉररमध्ये शहाणी माणसं घरीच बसली तर गेम तिथेच संपेल. तर एकूण आठ जण वर, रात्र झालेली, वादळ सुटलेलं, केबल कार बंद. रेडिओवर कसाबसा संपर्क होतो तर रेंजर सांगतो की पहाटेच्या आत कोणी वर येऊ शकत नाही. म्हणून ते नाव. पहाट होईपर्यंत जगायचं, बास.

आठही पात्रं आळीपाळीने तुमच्या हातात येतात आणि आठही मरू शकतात. आठही वाचूही शकतात, म्हणजे एकाचं 'वाचणं' कसलं आहे ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं. 'तुमच्या निर्णयाने कथा बदलते' असं या प्रकारचा प्रत्येक गेम सांगतो आणि थोडं खरवडलं की खाली कळतं की कथा तीच आहे, रंग वेगळा मारलाय. अंटिल डॉनही त्यातून सुटलेला नाही, उलट अगदी प्रस्तावनेतच तो हा खेळ खेळतो. बेथ कड्याला लटकलेली, एका हातात मूळ, दुसऱ्या हातात बहीण. बहिणीला सोडायचं का स्वतः हात सोडायचा? टायमर चालू. तुम्ही घामाघूम होऊन काहीतरी निवडता आणि काहीही निवडलं तरी दोघी खाली जातात. पुढेही असं आहे. कथेचे मोठे खांब हलत नाहीत, लॉजमधून खाणीत, खाणीतून परत लॉजमध्ये हा प्रवास होणारच, कोणत्या प्रसंगात कोण कुठे असणार तेही बरंचसं ठरलेलं.

मग तरी हा गेम का चालतो? माझ्या मते याचं कारण असं की तो कथा बदलण्यापेक्षा माणसं बदलतो. तुम्ही काय केलंत ते बाकीची पात्रं बघत असतात आणि लक्षात ठेवतात. हिशोब लगेच होत नाही, तीन चार तासांनी होतो, आणि तेव्हा स्क्रीनवर तो छोटा निळा फुलपाखरांचा थवा उडतो, बटरफ्लाय इफेक्टवाला, म्हणजे छोट्या गोष्टीचा पुढे मोठा परिणाम, आणि तुमच्या पोटात गोळा येतो की आता आपण काय करून ठेवलंय बाबा. मेन्यूमध्ये जाऊन कुठल्या निर्णयातून काय झालं ते बघता येतं, पण नुसतं बघता येतं, हात लावता येत नाही.

पुढच्या दोन पॅऱ्यांत स्पॉयलर आहेत, खेळायचा असेल तर थेट त्यानंतर वाचा.

ख्रिस आणि ॲशलीचं घ्या. दोघं एकमेकांना आवडतात पण बोलत नाहीत. एका प्रसंगात दोघांना खुर्च्यांना बांधलंय, समोर बंदूक, आणि ख्रिसने ठरवायचंय की गोळी स्वतःला का ॲशलीला. तुम्ही तिच्यावर चाप ओढलात तर कळतं की गोळी खोटी होती, कोणी मेलं नाही, चला सुटलो. सुटलो? खूप पुढे ख्रिस बाहेरून जीव खाऊन धावत येतो, मागे राक्षस येतोय, दाराच्या आत ॲशली उभी आहे. ती दार उघडत नाही. नुसती बघते. मला या गेममधला एकही जम्प स्केअर, म्हणजे अचानक दचकवणारा क्षण, एवढा लागला नाही. इथे राक्षसापेक्षा तिचा चेहरा भयानक आहे, आणि गंमत म्हणजे तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. एमिलीचं प्रकरण तर याहून वाईट. खाणीतून येताना तिला चावा बसलेला असू शकतो, ग्रुप घाबरतो की आता हीसुद्धा त्या राक्षसांसारखी होणार, माईक तिच्यावर बंदूक रोखतो आणि निर्णय तुमच्यावर. एमिली म्हणजे गेमभर डोकं खाणारी मुलगी, त्यामुळे बऱ्याच जणांचं बोट चापाकडे जातंच. आणि नंतर ॲशली एका वहीत वाचते की चाव्याने काहीच होत नाही, ते पसरतच नाही. ती ओळ ती वाचते तेव्हा ज्यांनी गोळी घातलीय त्यांची काय अवस्था होत असेल. हा प्रसंग लिहिणाऱ्यांना सलाम, घाबरलेली माणसं एकमेकांना कशी खातात हे दाखवायला त्यांना राक्षसाची गरजच पडली नाही.

आणि मॅट. बिचाऱ्या मॅटकडे कोणी लक्ष देत नाही. मनोरा कोसळतोय, एमिली लटकलीय, मॅटने तिला वाचवायचं का उडी मारून स्वतः सुटायचं. आपल्याला वाटतं चांगलं वागलं की गेम बक्षीस देणार. तिला वाचवायला परत परत हात पुढे केला आणि त्याच्याकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक, नसली तर मॅट मरतो, आणि एमिली काहीही झालं तरी त्या पडण्यातून वाचतेच. म्हणजे चांगुलपणा फुकट. मला हे आवडलं, कारण बाकी गेममध्ये वरचा पर्याय सज्जन, खालचा दुर्जन असं आधीच कळतं, इथे तसलं काही नाही.

स्पॉयलर संपले.

खेळायचं म्हणजे नक्की काय करायचं तर फिरायचं, वस्तू उचलून बघायच्या, टायमर संपायच्या आत दोनातलं एक निवडायचं आणि पळापळीत स्क्रीनवर येईल ते बटण दाबायचं. बटणवाला प्रकार ज्यांना आवडत नाही त्यांना इथेही आवडणार नाही, पण यात एक फरक आहे की काही वेळा न दाबणं हेच बरोबर असतं. एका ठिकाणी शिंगवाल्या हरणांचा अख्खा कळप वाट अडवून उभा आहे, हातात कुऱ्हाड आहे, गेम तुम्हाला वार करायचा पर्याय देतोय, आणि नुसतं शांत राहिलं तर ती हरणं वाट देतात. सुरुवातीला नेमबाजी करताना एक खार समोर येते, तिला मारायचं का नाही हे गेम सहज विचारतो, मारलीत तर त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं. असले छोटे सापळे सगळीकडे पेरलेत.

आणि मग ते 'हलू नका'. पात्र लपलंय, समोर काहीतरी आहे, आणि तुम्ही हातातला कंट्रोलर अजिबात हलवायचा नाही. आतला मोशन सेन्सर बघत असतो. बटण नाही, स्किल नाही, फक्त स्थिर बसायचं, आणि माणूस तेवढंच करू शकत नाही. श्वास रोखला तर हात जास्त थरथरतो. कंट्रोलर मांडीवर टेकवला तर थोडं सोपं जातं. शेवटच्या प्रसंगात हेच इतक्या वेळा लागोपाठ येतं आणि इतक्या जणांचा जीव त्यावर असतो की तिथे खोलीत कोणी शिंकलं तर मैत्री तुटेल.

टोटेम पण छान कल्पना आहे. जंगलात, खाणीत मिळून तीस लाकडी टोटेम सापडतात, प्रत्येकात भविष्याची एक दोन सेकंदांची झलक. काळा असेल तर मरण, पांढरा असेल तर चांगलं नशीब, असे पाच प्रकार. मजा अशी की झलक इतकी तुटक असते की समजून उमजून उपयोग होत नाही, प्रसंग समोर आल्यावरच डोक्यात पेटतं की अरे हे तर आपण बघितलेलं. तेव्हा कधीकधी वेळ असते, कधीकधी नसते.

मध्ये मध्ये डॉक्टर हिल येतो, मानसोपचारतज्ज्ञ, थेट तुमच्याकडे बघून बोलतो. तुम्हाला काय जास्त भीतीदायक वाटतं, साप का झुरळं असल्या धर्तीचे प्रश्न, कोण आवडतं, कोण नाही. तुमची उत्तरं पुढे गेममध्ये डोकावतात आणि त्याची खोलीही हळूहळू बिघडत जाते. पीटर स्टोरमारेने हे काम असलं केलंय की प्रत्येक वेळी वाटतं हा माणूस आता टेबलावरून उडी मारेल. रामी मालेक जॉश आहे, हेडन पॅनेटियर सॅम, आणि दोघंही उत्तम. मालेकच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलंय हे २०१५ च्या ग्राफिक्समध्येही दिसतं.

तक्रारी आहेत. चालणं भयंकर संथ, जोरात चालायचं बटण आहे म्हणतात पण ते दाबल्यावर पात्र फक्त जरा जास्त विचार करत चालतं. मेन्यूमध्ये प्रत्येकाचे गुण दाखवणारे पट्टे आहेत, प्रामाणिक किती, शूर किती, ते वर खाली होतात आणि त्यातून कथेत म्हणावं असं काही होत नाही, नुसती सजावट. पहिल्या काही भागांतली टीनएजर बडबड सहन करावी लागते, काही जम्प स्केअर तर अगदीच स्वस्तातले, मित्राने मागून भॉक केलं टाईप. आणि दुसऱ्या अर्ध्यात जे समोर येतं त्याच्यासाठी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या लोककथेतला वेंडिगो उचललाय, पण त्या लोकांपैकी एकही माणूस कथेत महत्त्वाच्या जागी नाही. गोष्ट त्यांची, मरायला वाचायला बाकीचेच. हे आज खेळताना जास्त खटकतं.

पुन्हा खेळण्याबद्दल मी जरा वेगळं बोलतो. सगळे म्हणतात दुसऱ्यांदा सगळ्यांना वाचवा, तिसऱ्यांदा सगळ्यांना मारा. संपल्यावर हवा तो भाग निवडून तिथून खेळता येतं, हो. पण दुसऱ्या वेळी कळतं की कोणते निर्णय पोकळ होते, आणि ते कळल्यावर टायमरची भीती निघून जाते. पहिली वेळ ती पहिलीच. म्हणून गाईड उघडू नका, 'सगळ्यांना कसं वाचवायचं' सर्च करू नका, मेली दोन माणसं तर मरू द्या. शेवटी वाचलेल्यांची पोलीस चौकशी होते, त्यात कमी माणसं असली तर ती जास्त चांगली लागते असं माझं ठाम मत आहे.

आता रिमेक. दिसायला सुंदर, अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नव्याने केलाय, बर्फ, चेहरे, प्रकाश सगळं वरच्या दर्जाचं. पण जुन्या गेममध्ये कॅमेरा एका कोपऱ्यात टांगलेला असायचा, कोणीतरी तुम्हाला बघतंय असा, दाराच्या पलीकडे काय आहे ते दिसायचंच नाही. रिमेकमध्ये तो खांद्यामागे आलाय. चालणं सोपं झालं, पण ती अस्वस्थता गेली. रात्रीचे निळे काळे रंगही बदललेत, टायटलचं गाणंसुद्धा वेगळंय, ते तर का बदललं कळत नाही. शेवटी थोडे नवे सीन घातलेत, ते जुन्या लोकांना उत्सुकता म्हणून ठीक. प्लेस्टेशन ४ किंवा ५ असेल तर जुनाच घ्या, ५ वर तो चालतो. पीसीवाल्यांकडे रिमेकशिवाय पर्याय नाही आणि पहिल्यांदाच खेळत असाल तर काय गेलंय ते तुम्हाला जाणवणारही नाही, घ्या बिनधास्त.

एकट्याने हेडफोन लावून खेळलात तर आठ नऊ तासांचा चांगला हॉरर मिळेल. पण चार पाच जण जमवा, आठ पात्रं आधीच वाटून घ्या, ज्याचं पात्र येईल त्याच्या हातात कंट्रोलर, आणि बाकीच्यांनी फक्त ओरडायचं, बटणाला हात लावायचा नाही. दोन एपिसोड झाले की लोक आपापल्या पात्राची वकिली करायला लागतात, भांडणं होतात, बंदुकीचा प्रसंग आला की समोरच्याचा खरा स्वभाव कळतो. आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, नाहीतर एमिली कोणीच घेत नाही.