एसक्यूलाइटवर गुळाचा एक हंगाम

ऑक्टोबरात गुऱ्हाळं पेटली तेव्हा सुरू केलं, आता मे संपत आलाय. मार्केट यार्डातल्या आमच्या गुळाच्या अडत दुकानाचा एक अख्खा हंगाम एसक्यूलाइटवर, म्हणजे नोंदी टेबलांत ठेवणाऱ्या एका डेटाबेस सॉफ्टवेअरवर निघाला. मी बी.कॉम. झालेली, एक्सेलच्या पुढं कधी गेले नव्हते. क्लास वगैरे लावला नाही. एसक्यूलाइटची मूळ कागदपत्रं, थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि आमचे दिवाणजी, एवढ्यावर शिकले. त्यात दिवाणजीच सगळ्यात जास्त कामाला आले.

हेच का घेतलं? खरं सांगायचं तर फुकट म्हणून. रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेलं हे सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचं आहे, लायसनची कटकटच नाही. वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा हिशोब एका फाइलीत. अँड्रॉइड फोनच्या आतही हेच चालतं. डेटा बघायला डीबी ब्राउझर हा फुकट प्रोग्राम घेतला, आणि नोंदी भरायला पायथनमध्ये एक ओबडधोबड फॉर्म केला.

पहिला महिना पार वाया गेला. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदावर, जे जे छापलेलं असतं ते सगळं मी एकाच टेबलात कोंबलं: शेतकरी, गाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली, तोलाई, उचल (आधी घेतलेले पैसे), निव्वळ रक्कम. एक गाडी, एक दर, एक पट्टी, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात साठ रवे उतरले की रंग बघून थप्प्या लागतात. चाळीस रवे एका व्यापाऱ्यानं एका दरानं घेतले, काळपट वीस दुसऱ्याला कमी दरानं गेले. माझ्या टेबलात त्या शेतकऱ्याच्या दोन ओळी झाल्या आणि उचल दोनदा वजा झाली. दिवाणजी पडद्याकडं बघून म्हणाले, "ताई, आवक न् सौदा कधी एका ओळीत असतंय व्हय?"

मग त्यांची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, घेऊन बसले. प्रत्येक नोंदीशेजारी 'खा. पा.' असा बारीक रकाना. खाते पान, म्हणजे त्या माणसाचं खातं खतावणीच्या, म्हणजे खात्यांच्या वहीच्या, कुठल्या पानावर आहे तो आकडा. नाव, गाव एकदाच, खतावणीत. रोजकीर्दीत फक्त पानाचा नंबर. पुस्तकात ज्याला फॉरेन की म्हणतात ती हीच की! एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत मांडायच्या पद्धतीवर, जो निबंध लिहिला, तो मी तीनदा वाचायला घेऊन तीनदा अर्ध्यावर टाकला होता. 'खा. पा.' बघितल्यावर त्यातला निम्मा तरी डोक्यात शिरला. त्या रात्री एका टेबलाची पाच केली: शेतकरी, गुऱ्हाळ, आवक, सौदा, उचल.

शेतकऱ्याची ओळख म्हणून आधी मोबाइल नंबर धरला होता. एकाच गावचे, एकाच नावाचे तीन पाटील आहेत आमच्याकडं, त्यामुळं नावावर भरवसा नव्हता. पण बापलेक एकच नंबर सांगतात, आणि एकानं दिवाळीत नंबरच बदलला. शेवटी दिवाणजींचे खाते नंबरच जसेच्या तसे घेतले.

आता तक्रारी. एसक्यूलाइट फार भिडस्त आहे. काहीही द्या, मुकाट्यानं ठेवून घेतं. डिसेंबरात एका दिवसाची आवक साठ रव्यांनी कमी लागली. नोंद समोर दिसतेय, आकडा बरोबर आहे, तरी बेरजेत नाही. दोन तास गेले. निघालं काय, तर दिवाणजींनी मराठी कळफलकावरून देवनागरी ६० टाईप केला होता. रकाना पूर्णांकाचा होता, पण एसक्यूलाइटला देवनागरी आकडा हा आकडा वाटत नाही. त्यानं तो मजकूर म्हणून ठेवला, आणि बेरीज करताना असा मजकूर शून्य धरला जातो. चूक दाखवली नाही, इशारा दिला नाही. टेबल करताना शेवटी 'स्ट्रिक्ट' शब्द लिहिला तर असली नोंद ते नाकारतं. ही सोय २०२१ पासूनच्या आवृत्तीत आहे. मला माहीतच नव्हती.

तारखेचंही तेच. तारखेचा वेगळा प्रकारच नाही. मी आपल्या सवयीनं दिवस-महिना-वर्ष लिहीत गेले, आणि क्रम लावला तर १ डिसेंबर आला २ नोव्हेंबरच्या आधी, कारण ते अक्षरांसारखं डावीकडून तुलना करतं. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की प्रश्न मिटतो. रकमा रुपयांत नको, पूर्णांकात, पैशांत ठेवा. रुपये दशांशात ठेवलेत तर कधीतरी एखादा पैसा इकडचा तिकडं होतो.

तिसरा घोळ फॉरेन कीचाच. एवढं 'खा. पा.' समजून नियम लिहिले, आणि कळलं की ते पाळण्याचं बटण मुळात बंद असतं. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तसं ठेवलंय म्हणे. पायथनमधून दर वेळी जोडताना 'प्रॅग्मा फॉरेन कीज ऑन' सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. एक चुकीचं खातं खोडलं आणि त्याच्या चार आवका बिनमालकाच्या राहिल्या.

गुऱ्हाळाची गंमत तर वेगळीच. एकाच गुऱ्हाळाच्या हंगामाच्या बेरजा दोन ओळींत येत होत्या. दोन्हीकडं नाव अक्षरशः एकच. कारण 'गुऱ्हाळ' मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाईप होतो: एका कळफलकावर 'ऱ' हे वेगळंच अक्षर घेऊन, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एक, फाइलीत दोन. आता नाव टाईप करूच देत नाही, यादीतून निवडायचं.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. हमालीचा दर एकाच ठिकाणी ठेवला होता. जानेवारीत रव्यामागं पन्नास पैसे वाढले, मी तिथं बदलला. फेब्रुवारीत एक मामा नोव्हेंबरची पट्टी पुन्हा मागायला आले. नवी छापली तर तीस रुपये कमी. त्यांनी खिशातून जुनी, घामानं मऊ झालेली पट्टी काढली आणि काही न बोलता दोन्ही शेजारी ठेवल्या. काय सांगणार? आता त्या दिवसाचा दर त्या आवकेच्या ओळीतच लिहिला जातो.

चांगलं काय? लाईट. पट्टी भरताना तीन-चार वेळा गेली. एका पट्टीच्या सगळ्या नोंदी एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) बांधल्या की एकतर पूर्ण पट्टी राहते, नाहीतर काहीच राहत नाही. अर्धवट कधी सापडली नाही. वेगाबद्दल बोलायलाच नको, हंगामभराच्या बेरजा बोट उचलायच्या आत. बॅकअपला मात्र चालू फाइल नुसती कॉपी करू नका, 'व्हॅक्यूम इन्टू' या आज्ञेनं वेगळी प्रत काढा. आमच्या शाहूपुरीतल्या घरी ठेवलेल्या वह्या २०१९ च्या महापुरात लगदा झाल्या होत्या, त्यामुळं एक प्रत रोज इचलकरंजीला ताईच्या घरी जाते.

एकच खुर्ची असेल, एकच माणूस नोंदी भरत असेल, तर डोळे झाकून घ्या. 'स्ट्रिक्ट' मात्र पहिल्या दिवसापासून. आमचं अडलं ते एका खुर्चीवरच. मार्चमध्ये बाबांना त्यांच्या टेबलावरूनही सौदे भरायचे होते. मी फाइल नेटवर्कच्या सामायिक फोल्डरात ठेवली आणि 'डेटाबेस लॉक्ड' हा निरोप रोज येऊ लागला. नेटवर्कवरच्या फाइलीत दोन ठिकाणांहून लिहू नका, असं त्यांच्याच कागदपत्रांत आहे. मी ते नंतर वाचलं. दोन खुर्च्यांसाठी पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस, तोही फुकट आहे, पण सर्व्हर सांभाळावा लागतो. पावसाळ्यात यार्ड थंड असतं, तेव्हा तो शिकायला घेणार आहे.

तोवर बाबा सौदे चिठ्ठीवर लिहून देतात, मी भरते. दिवाणजींची रोजकीर्द चालूच आहे. रोज साताला दोन्ही बेरजा पुढ्यात ठेवतो. नाही जुळल्या तर ते आधी माझ्याकडंच बघतात.