अधूनमधून बंद पडणारे इंजिन: आधी इंधन तपासावे की इग्निशन?
फेरबदल केलेल्या जुन्या गाडीत इंधन कमी पडत असेल, तर इंजिन आचके देत, दम सोडत थांबते. कार्बोरेटरचा (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) फ्लोट चेंबर, म्हणजे इंधन साठवणारी छोटी वाटी, लगेच उघडल्यास तो जवळजवळ रिकामा सापडतो. इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी विद्युत यंत्रणा, तुटल्यास मात्र इंजिन एका क्षणात गप्प होते आणि गाडी गिअरमध्ये धावत असतानाही विजेवर चालणाऱ्या टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा) काटा शून्यावर कोसळतो.

लक्षणे स्पष्ट नसतील, तर माझ्या मते इग्निशनपासूनच सुरुवात करावी, कारण मूळ ३ ओहमच्या कॉइलऐवजी (ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या वेटोळ्याऐवजी) १.५ ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरशिवाय (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रोधकाशिवाय) पॉइंट्सवर (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक संपर्कांवर) जोडलेली असल्यास ती अतोनात तापून दगा देते आणि निवल्यावर पुन्हा सुरळीत चालू लागते. त्यामुळे मल्टिमीटरने तिच्या रोधाचे (ओहममधील) माप इंजिन बंद पडल्याबरोबर, ती गरम असतानाच घ्यावे.