हलकं लिनक्स रोजच्या कामाला: मिंट, लुबुंटू की अँटीएक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेट बंद केल्या. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहाएक वर्षांपूर्वी कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला घेतलेला, चार जीबी रॅमचा, जुनी फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप नियमात बसत नाही. सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत कितीतरी घरांत तो अजून आहे, आणि धक्का देत का होईना, चालतोय. दुकानात नेला की दोनच उत्तरं मिळतात: ‘नवीन घेऊन टाका’ किंवा ‘अकरा मारून देतो, चालतं’. अकरा मारता येतं हे खरं, पण नियमात न बसणाऱ्या मशीनला पुढच्या अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय चार जीबीत ते ज्या वेगाने चालतं त्याला चालणं म्हणायचं का, हा वेगळा विषय.

तिसरं उत्तर म्हणजे हलकं लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. ते शोधायला गेलं की पंधरा नावं (डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची वेगवेगळी रूपं) समोर येतात आणि प्रत्येकाखाली ‘सर्वांत हलकं’ असं लिहिलेलं असतं. माझं मत आधीच सांगतो: सर्वांत हलकं घेऊ नका. तुमचं मशीन आरामात पेलेल त्यातलं सर्वांत सोयीचं घ्या.

हलकं म्हणजे काय हलकं

आतला गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, सगळीकडे जवळपास तोच. फरक असतो तो डेस्कटॉपचा: खालची पट्टी, मेनू, फाइल उघडायची खिडकी, सेटिंग्ज. मिंटच्या हलक्या आवृत्तीत एक्सएफसीई हा डेस्कटॉप असतो, लुबुंटूत एलएक्सक्यूटी, आणि अँटीएक्समध्ये आइसडब्ल्यूएम हा अगदीच फाटक्या अंगाचा. काहीही न उघडता नुसतं सुरू केलं तर अँटीएक्स ढोबळमानाने दोन-तीनशे एमबी रॅम घेतं, लुबुंटू पाचशेच्या आसपास आणि मिंट एक्सएफसीई आठशेच्या आसपास. मशीनगणिक हे आकडे पुढेमागे होतात, क्रम सहसा बदलत नाही.

याच आकड्यांवर लोक भांडतात, आणि इथेच फसतात. निफाडचा बागायतदार छोटा हत्ती घेताना रिकाम्या गाडीचं वजन विचारत नाही, क्रेट किती बसतील ते विचारतो. तुम्ही ब्राउझर उघडलात, एका टॅबमध्ये महाडीबीटीचा फॉर्म, दुसऱ्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब, तिसऱ्यात यूट्यूब आणि चौथ्यात जीमेल, की दीड-दोन जीबी तिथेच गेले. ते कुठल्याही लिनक्सवर तेवढेच जातात. दोन जीबीच्या मशीनला डेस्कटॉपमधले तीन-चारशे एमबी वाचणं म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. चार जीबीला थोडा फरक पडतो. आठ जीबी असेल तर हा सगळा वाद सोडून द्या आणि मिंटची नेहमीची सिनॅमन आवृत्ती टाका, ती दिसायलाही छान आहे.

आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवलीत तर जो फरक दिसेल तो कुठलंही डिस्ट्रो बदलून दिसणार नाही. एम. जी. रोडला जाऊन एसएसडीचा आणि रॅमचा आजचा भाव आधी विचारा, मग पुढचं वाचा.

खरी लढत: मिंट एक्सएफसीई आणि लुबुंटू

चार जीबीच्या लॅपटॉपसाठी निवड या दोघांतच होते. दोघांचा पाया एकच. मिंट २२ ची मालिका उबुंटू या मोठ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे, आणि लुबुंटू २४.०४ हे तर उबुंटूच्याच घरातलं. त्यामुळे हार्डवेअर ओळखण्यात, सॉफ्टवेअर मिळण्यात दोघांत फार अंतर नाही. उबुंटूसाठी लिहिलेला उपाय बहुतेक वेळा दोन्हीकडे लागू पडतो.

अंतर आहे ते तीन ठिकाणी.

पहिलं ब्राउझरचं. उबुंटूच्या घरात फायरफॉक्स ‘स्नॅप’ या बांधणीत येतो. स्नॅप म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच बंद पेटीत. सुरक्षेच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे, पण फिरत्या हार्ड डिस्कवर ही पेटी दिवसातून पहिल्यांदा उघडताना तुम्ही चहा ओतून घेऊ शकता. मिंटने २०२० पासून स्नॅप बंद ठेवलं आहे. तिथे फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून येतो आणि लवकर उघडतो. म्हणजे कागदावर हलकं असलेलं लुबुंटू, ज्या एका प्रोग्रॅममध्ये तुमचा सगळा दिवस जातो, तोच उशिरा उघडतं. स्नॅप काढून साधा फायरफॉक्स बसवता येतो, पण त्यासाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, शिरावं लागतं. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी तिथे पाठवू नये. एसएसडी असेल तर मात्र ही तक्रार बरीच निवळते.

दुसरं मुदतीचं. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लुबुंटू २४.०४ ला तीन वर्षांचीच, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. त्यानंतर पुढच्या आवृत्तीवर जायचं. ते अवघड नाही, पण लॅपटॉप तुम्ही वडिलांना देऊन पुण्याला नोकरीला जाणार असाल तर ‘चालू दे, हात लावू नका’ असं जास्त वर्षं सांगता येईल ते घ्यावं.

तिसरं म्हणजे हाताशी लागणाऱ्या सोयी, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. ते एकदा चालू करून ठेवलं, की एखादी अपडेट बिघडल्यावर आधीच्या स्थितीला परत जायचं. ड्रायव्हर मॅनेजर आहे. जुन्या लॅपटॉपमधलं ब्रॉडकॉमचं वायफाय अनेकदा आपोआप चालत नाही, ते तिथून दोन क्लिकमध्ये लागतं (तेवढ्यापुरतं मोबाइल केबलने जोडून नेट द्यावं लागू शकतं). अपडेट मॅनेजर काय येतंय ते दाखवतो आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच उतरवून घेतो. दिंडोरी-वणीकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला याचं मोल कळेल. भर मीटिंगमध्ये ‘रीस्टार्ट होत आहे’ हा प्रकार नाही.

लुबुंटूच्या बाजूने बोलायचं तर ते खरोखर चपळ आहे. मेनू, फाइलची खिडकी, सेटिंग्ज, सगळं बोट उचलायच्या आत उघडतं. इन्स्टॉल करणंही सोपं. दोन-तीन जीबी रॅम आणि एसएसडी असं विचित्र जोडपं असेल, रॅम वाढवायला जागा नसेल, आणि घरात कुणीतरी थोडं खटपटं असेल, तर लुबुंटूच घ्या. बाकी सगळ्यांना मिंट एक्सएफसीई.

झुबुंटू, लिनक्स लाइट, एमएक्स ही नावंही तुम्हाला सुचवली जातील. पहिली दोन याच उबुंटू-एक्सएफसीई कुळातली. एमएक्स डेबियन या जुन्या, मोठ्या लिनक्सवर आहे आणि चांगलंच घट्ट आहे. आधीपासून कुणी वापरत असेल तर बदलायचं काही कारण नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला मात्र मी मिंटच सांगेन.

फारच जुनं मशीन

एक-दोन जीबी रॅमचं, फिरत्या हार्ड डिस्कचं नेटबुक किंवा ३२-बिट या जुन्या बांधणीच्या प्रोसेसरचा डेस्कटॉप असेल तर मिंट आणि लुबुंटू दोन्ही बाद. लुबुंटूने ३२-बिट २०१८ नंतर सोडलं, आणि डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीवर इन्स्टॉल करायची सोय काढली. उरतं ते अँटीएक्स. डेबियन १२ वर बांधलेलं अँटीएक्स-२३ ३२-बिटमध्ये मिळतं आणि पाचशे बारा एमबीतही उभं राहतं. दिसायला रूक्ष, मेनू गजबजलेला, पण इमानी.

प्रश्न पुन्हा ब्राउझरचाच येतो. गूगल क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. नेहमीच्या फायरफॉक्सने २०२५ च्या अखेरीस सोडलं, आणि त्याच्या दीर्घ मुदतीच्या १४० या आवृत्तीला ३२-बिटसाठी निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत अपडेट देऊ असं मोझिलाने सांगितलं आहे. तेव्हा अशा मशीनवर पत्रं टाइप करा, पीडीएफ वाचा, अभंग लावा. नेटबँकिंग करू नका. ‘रोजचं मशीन’ या व्याख्येत ते आता बसत नाही, आणि त्याच्यासाठी नवी रॅम शोधत हिंडणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पपी लिनक्स अख्खं रॅममध्ये चढून चालतं. मेलेल्या विंडोजमधून लग्नाचे फोटो बाहेर काढायला उत्तम. रोजच्याला नको.

मराठी

हा मुद्दा इंग्रजीतल्या आढाव्यांत नसतोच, म्हणून जरा थांबतो. मराठी दिसायला तिन्हीकडे अडचण नाही. क्वचित हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. डोळ्यांना खुपत असेल तर लोहित मराठी फॉन्ट टाका. टाइप करण्यासाठी मिंट एक्सएफसीईत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउट वाढवला की झालं. इन्स्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसार चालणारा कागपाही. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकावं लागतं. लुबुंटूतही हे सगळं होतं, फक्त सेटिंग शोधायला जास्त वेळ लागतो. अँटीएक्समध्ये तर स्वतःच्या हाताने जोडणी करायची तयारी ठेवा.

खरी डोकेदुखी फाइलींची आहे. शाळेतून, ग्रामपंचायतीतून येणाऱ्या वर्डच्या फाइल बऱ्याचदा मंगल, कोकिळा, अपराजिता अशा विंडोजच्या फॉन्टमध्ये असतात. लिबरऑफिसमध्ये त्या उघडतात, अक्षरंही दिसतात, पण ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानांचा होतो. पाठवताना पीडीएफ करून पाठवायची सवय लावली की निम्मा त्रास संपतो. श्रीलिपी किंवा आयएसएमवर रोज टायपिंग करणाऱ्यांनी, सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी लिनक्सच्या भानगडीत पडू नये. ती सॉफ्टवेअर विंडोजची आहेत.

कुणी विंडोजवरच राहावं

एक प्रोग्रॅम असा असतो ज्यावाचून तुमचं पोट चालत नाही. तो लिनक्सवर नसेल तर बाकी सगळ्या तुलनेला अर्थ उरत नाही.

टॅलीवाले, तुम्ही राहा. वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय) ती सुरू करून दाखवणारे भेटतात, पण मार्चएंडला त्यांचा फोन लागतो का ते बघा. शालिमारला फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांचं कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. इंकस्केपमध्ये कोरलच्या फाइल थोड्याफार उघडतात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ‘थोड्याफार’ चालत नाही. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधलं ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स तसंच. डिजिटल सहीचा टोकन लावून ई-निविदा भरणारे, आधारचं बोटांचं यंत्र लावून सेतू चालवणारे, यांनीही एक विंडोज मशीन ठेवावंच.

उलट बाजूला एमपीएससीचा अभ्यास करणारा, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम करणारी गृहिणी, सातबारा ऑनलाइन काढणारा शेतकरी, पासबुक आणि भजनं बघणारे आजोबा यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि पीडीएफमध्ये होतं. त्यांना विंडोजची उणीव आठवडाभरात जाणवेनाशी होते. कोड लिहायला शिकणाऱ्या मुलांना तर लिनक्स उलट जास्त सोयीचं.

प्रिंटरचं मात्र आधी बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. ऑफिसांत सर्रास दिसणाऱ्या पी११०८ सारख्या काही लेझरना वेगळं प्लगइन उतरवावं लागतं, ते एचपीच्याच लिनक्स सॉफ्टवेअरमधून मिळतं. कॅननचा एलबीपी २९०० हा दुसरा घरोघरी असलेला लेझर लिनक्सवर चालवणं किचकट आहे. प्रिंटर तोच असेल आणि रोज लागत असेल तर हा मुद्दा डिस्ट्रोच्या नावापेक्षा मोठा.

पेनड्राइव्हवर ठरवा

एका सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हा प्रोग्रॅम टाका आणि त्यात मिंट, लुबुंटू, अँटीएक्स या तिन्हींच्या आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या, फाइल नुसत्या कॉपी करा. सुरू होताना कोणतं हवं ते विचारलं जातं. विंडोजला हात न लावता तिन्ही वापरून बघता येतात. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून सगळंच सावकाश चालतं. बघायचं ते वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंटर, आणि मराठीतली एक ओळ.

पटलं तर पहिले काही महिने विंडोज शेजारीच राहू द्या. त्यासाठी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, तिच्यात काही ठेवता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. आणि फोटो, दाखले, खात्याचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ या बटनाकडे जाऊ नका. इन्स्टॉल करताना डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडायच्या पडद्यावर ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्यायही असतो, आणि तो फार सोपा वाटतो.